व्यायामशिक्षकाची पदवी

सोलापुरांत संक्रांत जवळ येऊं लागली म्हणजे रात्रीं शहराच्या जुन्या भागांतून जातांना रस्ता मध्येंच अडलेला आढळतो. श्रीसिद्धरामेश्वरांच्या यात्रेंत सात नंदीध्वज मिरवावयाचे असतात, आणि तो उंच, जड भार तोल न जाऊं देतां पेलून चालणें हें एका दिवसाच्या उत्साहाचें काम नव्हे. म्हणून कित्येक दिवस आधींपासून भक्तमंडळींचा सराव चाललेला असतो. मान वर, पावलें आंखूड, आणि श्वास असा कीं जणूं तोहि कोणाच्या आज्ञेनें चालला आहे. हें कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं. थोरल्यानें धाकट्यास दाखवावयाचें आणि धाकट्यानें खांद्यावर वागवून पाहावयाचें, एवढाच तेथील पाठ.

गेल्या वर्षीं असा सराव पाहून आम्ही घरीं परतलों, तों ओट्यावर आमचा एक जुना विद्यार्थी वाट पाहत बसलेला दिसला. नुकताच बी. ए. झालेला हा मुलगा; वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात; मुलाचें अर्धें आयुष्य तालमींत गेलेलें. त्याला व्यायामशिक्षकाची पदवी घ्यावयाची होती. या पदवीचीं दोन अंगें असतात, आणि प्रवेशपरीक्षेपासूनच तीं दिसूं लागतात: एकीकडे लेखी उत्तरें, दुसरीकडे मैदानावरील चाचणी, पुढें एकीकडे धांवणें, खेळणें, वर्गास व्यायाम देणें, आणि दुसरीकडे शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचें शास्त्र व मोजमाप. घरांत या बेतास दोन बाजूंनीं विरोध होता. वडिलांचें म्हणणें, दोन वर्षें घालवून पुढें शाळेंत जागा कोठें आहे? वस्तादांचें म्हणणें त्याहून मूलगामी होतें. "अंग मातीत घडतं, कागदावर न्हाई," असें सांगून ते मोकळे झाले होते. "सर, तुम्हांला काय वाटतं?" असें मुलानें विचारलें, आणि आम्ही निरुत्तर झालों.

आमचा विषय इतिहास. व्यायामाच्या बाबतींत आमची मजल बारा सूर्यनमस्कारांपलीकडे कधीं गेली नाहीं, आणि तेहि हल्लीं आम्ही बहुधा स्मरणांतच घालतों. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर आपणांस देतां येत नाहीं त्याचें वय तरी किती आहे हें पाहण्याची खोड इतिहासाच्या शिक्षकास लागलेली असते. पाहूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, वस्तादांनीं एका वाक्यांत निकालांत काढलेला वाद महाराष्ट्रांत निदान शंभर वर्षें चालला आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं.

तालीम ही आमच्याकडील व्यायामाची मूळ पाठशाळा. सोलापुरांत पाणीवेस, पत्रा, थोरला मंगळवेढा या तालमींचीं नांवें लहान मुलालाहि ठाऊक आहेत. तालमींत जें शिकविलें जाई त्याला अभ्यासक्रम हें नांव कोणी दिलें नाहीं, पण तो होता. पहाटे आखाड्यांतील माती उकरून मऊ करावयाची, तींत तेल, ताक, हळद मुरवावयाची. मग जोर, बैठका, मुद्गल, आणि अखेरीस लढत. कोणास आज शंभर जोर पुरेत आणि कोणास पांचशें बैठकांनींहि घाम येत नाहीं, कोणाचा श्वास लवकर तुटतो, कोणता मुलगा भीतीनें मागें सरतो आणि कोणता केवळ आळसानें, हें वस्ताद पाहतांक्षणीं ओळखीत असे. परीक्षा रोजची, परीक्षक एकच, आणि प्रमाणपत्र म्हणजे शिष्याचें अंग. या विद्येचा मोठा गुण हा कीं तींत लबाडी चालत नाहीं. ज्याला डाव येत नाहीं त्याला तो येतो असें कोणत्याहि शिक्क्यानें सिद्ध करतां येत नाहीं.

परंतु तिचे दोषहि तितकेच खोल होते. 'कां' हा प्रश्न तेथें उद्धटपणांत जमा होई. वस्ताद गेला कीं त्याची विद्या त्याच्याबरोबर जाई, आणि तो असतांनाहि ती सगळी बाहेर येईलच असें नसे. तीनशें साठ डाव जाणणाऱ्या मल्लानें शिष्यास तीनशें एकोणसाठ शिकविले आणि एक स्वतःपाशीं राखून ठेवला, ही कथा सादीनें तेराव्या शतकांत 'गुलिस्तान'मध्यें सांगितली आहे. आमच्या तालमींतूनहि अशा गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यांत कौतुक होतें तें शिष्याचें नव्हे, गुरूचें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. जी विद्या एकाच्या मुठींत राहण्यांतच आपलें रक्षण समजते ती शाळेंतील पन्नास मुलांपर्यंत कशी पोंचावी?

ही मूठ सैल करण्याचा एक जुना व अत्यंत कल्पक प्रयत्न म्हणजे मल्लखांब. त्याचें पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या काळांतील बाळंभटदादा देवधर यांच्या नांवाशीं जोडलें जातें. निजामाच्या मुलुखांतून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचें आव्हान त्यांनीं स्वीकारलें आणि तयारीसाठीं लांकडी खांबावर डाव बसविले, अशी आख्यायिका आहे. तिच्यांतील दैवी दृष्टांताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवूं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. माणसाचा डाव माणसापासून सोडवून खांबावर ठेवला म्हणजे तो पुन्हां पुन्हां पाहतां येतो, त्याचे तुकडे पाडतां येतात, आणि प्रतिस्पर्ध्याचा हात न मोडतां तो चुकतांहि येतो. प्रयोगशाळेंतील उपकरण याहून वेगळें काय करतें?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा चालविणारे प्रो. माणिकराव यांनीं दुसरें एक पाऊल टाकलें. पुष्कळ मुलांनीं एकाच वेळीं, एकाच तालांत करावयाच्या सांघिक कवायतीस त्यांनीं देशी व्यायामाचा मजकूर दिला आणि इंग्रजी हुकुमांच्या जागीं हिंदी हुकूम बसविले. हाडें बसविण्यांतहि त्यांचा लौकिक मोठा होता; म्हणजे व्यायाम देणारा आणि मोडलेलें जुळविणारा असे दोघे एकाच देहांत नांदत होते. त्याच बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत, १९३६ पासून १९४९ पर्यंत, मराठींत प्रसिद्ध झाला. ज्या समाजांत डाव राखून ठेवणें हें शहाणपण समजलें जाई त्याच समाजांतील एका माणसानें सगळे डाव छापून टाकावे, ही आमच्या मतें लहान क्रांति नव्हे. तिची जयंती मात्र कोणी करीत नाहीं.

पण कोश वाचून शिक्षक होत नाहीं. शिक्षक तयार करण्याचें काम वऱ्हाडानें अंगावर घेतलें. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधु अनंतराव यांनीं जी छोटी व्यायामसंस्था काढली तीच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आली. १९२० नंतरच्या दशकांत तेथें उन्हाळ्याच्या सुटींत शिक्षणवर्ग भरूं लागले. दूरदूरचे तरुण येत, कांहीं आठवडे राहत, लेझीम, लाठी, मल्लखांब, आसनें शिकत आणि प्रमाणपत्र घेऊन आपापल्या गांवीं जात. वरवर पाहतां ही साधी गोष्ट. पण वस्तादाच्या विद्येस ठराविक मुदत, ठराविक पाठ व ठराविक परीक्षा लागली ती या वर्गांतून. एकाच वस्तादाचा पठ्ठा म्हणून नव्हे, तर एका संस्थेचा विद्यार्थी म्हणून मनुष्य ओळखला जाऊं लागला. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. हुतात्मा राजगुरू कांहीं काळ याच संस्थेंत शिकले होते, यावरून त्या काळच्या सरकारास आखाड्यांविषयीं संशय कां वाटे हेंहि कळण्यासारखें आहे. १९३० चा लष्करी कायदा अनुभवलेल्या सोलापुरास तर हें निराळें सांगावयास नको.

सरकारी शाळांतून शरीर हा विषय 'ड्रिल' या नांवानें वावरत असे, आणि तो शिकविणारा बहुधा पलटणींतून निवृत्त झालेला हवालदार असे. त्याचा पगार थोडा, मान त्याहून थोडा. हुकूम उत्तम देई. पण ज्या अंगांवर हुकूम द्यावयाचे तीं बारा वर्षांचीं आहेत कीं बावीस, अर्धपोटीं आहेत कीं भरल्यापोटीं, हा विचार त्याला कोणी शिकविलेला नसे. ही स्थिति फार जुनी झाली असें वाचकांनीं समजूं नये. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९८० च्या आसपास, एका शाळेंत आम्हीं पाहिलेला प्रसंग अजून डोळ्यांपुढून जात नाहीं. दम्याचा विकार असलेला एक मुलगा मैदानाच्या फेऱ्या चुकवितो म्हणून मास्तरांनीं त्यास शिक्षा म्हणून आणखी फेऱ्या मारावयास लाविल्या. तिसऱ्या फेरीस तो कोसळला. कोणी कांदा आणला, कोणी जोडा हुंगविला, आणि शाळा सुटेपर्यंत तो लिंबाच्या झाडाखालीं निजून राहिला. मुलगा वांचला, पुढें संसारांत पडला. मास्तर दुष्ट नव्हते. धांवून दम वाढतो हें त्यांस ठाऊक होतें, आणि तें खरेंहि आहे. दमा म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. व्यायामशिक्षकाच्या पदवींत शरीरक्रियाशास्त्राचा पेपर कां असावा, या प्रश्नाचें आमचें उत्तर तो लिंबाखालीं निजलेला मुलगा आहे.

परदेशांत हा सांधा जुळविण्याचा उद्योग एक शतक आधींच सुरू झाला होता. स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं व्यायामशिक्षकांची मध्यवर्ती संस्था काढली. शाळेसाठीं, सैन्यासाठीं आणि रोग्यांसाठीं अशा व्यायामाच्या शाखा त्यानें पाडल्या, आणि शरीररचनेवर भर दिला. अमेरिकेंत ॲमहर्स्ट कॉलेजानें १८६१ मध्यें आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयांचा प्राध्यापक म्हणून एडवर्ड हिचकॉक यास नेमलें, तो तर वैद्यकाचाच पदवीधर. हिंदुस्थानांत मद्रासेस हॅरी क्रो बक यानें वाय. एम. सी. ए. च्या आश्रयानें १९२० सालीं शारीरिक शिक्षणाची शाळा उघडली. तिच्यांतून बाहेर पडलेले शिक्षक देशभर पसरले. मुंबई इलाख्यांत कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं या प्रश्नासाठीं समिति बसली, १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें, आणि १९३८ सालीं कांदिवली येथें सरकारी शिक्षणसंस्था सुरू झाली. तिचे मुख्य पी. एम. जोसेफ. शाळेंत व्यायाम शिकविण्यास स्वतंत्र शिक्षण घेतलेला मनुष्य लागतो, हें सरकारनें कबूल केलें तें हें असें, समित्यांच्या चालीनें.

परंतु आमच्या कथेचा खरा नायक या सर्वांहून निराळा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, जे पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले, ते १८८३ सालीं जन्मले. बडोद्यास ते माणिकरावांचे शिष्य झाले. म्हणजे आखाडा त्यांनीं आंतून पाहिला. पुढें माळसर येथील परमहंस माधवदासजींपाशीं त्यांनीं योगाचे पाठ घेतले. येथवरचा मार्ग पुष्कळांचा असतो. कुवलयानंदांनीं यानंतर जें केलें तें त्या वेळीं कोणास सुचलें असतें तरी करण्याचें धैर्य थोड्यांस झालें असतें. योगक्रियांविषयीं परंपरा जें सांगते तें त्यांनीं मानलेंहि नाहीं आणि हंसण्यावारीहि नेलें नाहीं. तें त्यांनीं मोजावयास घेतलें. बडोद्याच्या रुग्णालयांतील क्ष-किरणयंत्रापुढें त्यांनीं योगक्रिया करणाऱ्या माणसांस उभें केलें. नौलि करतांना पोटांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खालीं जातो, आणि म्हणूनच बस्तीच्या क्रियेंत पाणी बाहेरच्या जोरावांचून आंत ओढलें जातें, हें त्यांनीं दाबमापकाच्या साहाय्यानें दाखविलें. पोटांत होणाऱ्या त्या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूंचें, माधवदासजींचें, नांव दिलें. गुरुदक्षिणेचे अनेक प्रकार आम्हीं वाचले आहेत. दाबमापकावरील आंकडा गुरूच्या चरणीं ठेवण्याचा प्रकार मात्र हाच.

१९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं 'योग-मीमांसा' हें नियतकालिक काढलें. एकाच नियतकालिकांत प्रयोगांचे वृत्तान्त आणि आसनें कशीं करावीं याचे पाठ शेजारीं शेजारीं असत. पुढें मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक कामांतहि त्यांचा वाटा मोठा होता. आमचें म्हणणें असें कीं, आज ज्या पदवीसाठीं हजारों मुलें अर्ज करतात तिचा आदर्श नमुना कोणत्याहि विद्यापीठाच्या पुस्तिकेंत नसून या एका माणसाच्या आयुष्यांत आहे. जोर काढलेला हातच दाबमापक धरतो, आणि दाबमापकावर जें दिसलें तें पुन्हां शिष्याच्या अंगावर उतरतें; मध्यें भिंत नाहीं.

अशी भिंत अन्यत्रहि पाडली जात होती. स्नायूंत काम होतांना उष्णता कशी उत्पन्न होते याच्या शोधासाठीं इंग्लंडांतील आर्चिबाल्ड हिल यास १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें; हा गृहस्थ स्वतः धांवणारा होता आणि धांवण्याचे प्रयोग स्वतःच्या देहावरहि करी. १९२७ सालीं हार्वर्ड येथें निघालेल्या प्रयोगशाळेचें तर नांवच 'थकव्याची प्रयोगशाळा' असें होतें. ती वैद्यकाच्या इमारतींत नव्हती. व्यापारशिक्षणाच्या शाळेंत होती, कारण कारखान्यांत काम करणारा मनुष्य थकतो म्हणजे त्याच्या शरीरांत काय होतें, हा तिचा मूळ प्रश्न. धांवपटूंस चालत्या पट्ट्यावर धांवविणें, त्यांचा श्वास पिशव्यांत गोळा करणें, रक्त तपासणें, हें सर्व त्यांतून पुढें वाढलें. ही प्रयोगशाळा १९४७ सालीं बंद झाली, पण हल्लींचें व्यायामशास्त्र बऱ्याच अंशीं तिच्या अंगणांत वाढलेलें आहे.

हें वाचतांना आमच्यासारख्या सोलापूरकराच्या मनांत एक सल उठल्यावांचून राहत नाहीं. या शहरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. १९११ च्या कायद्यानें गिरणींतील पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ च्या कायद्यानें अकरा, १९३४ च्या कायद्यानें दहा. तासांचे हे आंकडे चळवळींनीं व कायद्यांनीं ठरविले. साच्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या शरीराचा प्रश्न म्हणून ते आमच्या व्यायामाच्या वर्गांत कधीं आले नाहींत. गिरणींतून सुटलेला कामगार तालमींत जाई, आणि वस्ताद त्याला जोर मोजून देई. इतके तास उभा राहिलेल्या माणसास रात्रीं किती जोर मानवतात, याचा अंदाज वस्तादाच्या नजरेंत असे आणि तेथेंच राही. आमच्याकडे प्रश्न होता, माणसें होतीं, नजर होती. वही नव्हती. आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. तो प्रयोग करावयाचा राहून गेला तो गेलाच. यंत्रमाग अद्याप चालू आहेत, एवढेंच म्हणतां येईल.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत पदव्यांची आहे, आणि ती थोडक्यांत सांगितली तरी चालेल. १८५७ च्या शताब्दीच्या निमित्तानें १९५७ सालीं ग्वाल्हेर येथें लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झालें आणि तीन वर्षांची स्वतंत्र पदवी सुरू झाली; पहिले प्राचार्य कांदिवलीचेच जोसेफ. पूर्वीं इतर शिक्षणास जोडलेली एक पदविका, ती आतां स्वतःच पूर्ण विद्या झाली. अमरावतीच्या मंडळानें १९६७ मध्यें पदवी महाविद्यालय काढलें, पुण्यास महाराष्ट्रीय मंडळानें १९७७ मध्यें. १९९३ च्या कायद्यानें शिक्षकांच्या शिक्षणावर राष्ट्रीय परिषद आली, आणि तिच्या २०१४ च्या नियमांनीं पदवीनंतरचा एक वर्षाचा बी. पी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. या सगळ्या काळांत एक लाभ असा झाला कीं त्यापुढें बाकीच्या तक्रारी लहान वाटाव्या. तालमीचें दार मुलींस बंद होतें, आणि तें बंद असणें हाच धर्म मानला जाई. परीक्षेचें दार तसें बंद ठेवणें कोणास शक्य झालें नाहीं. वस्तादाच्या गादीवर बाई कधीं बसती ना. पदवीधर व्यायामशिक्षिका मात्र आज आमच्या जिल्ह्यांतील शाळांतून शिट्टी वाजवितांना दिसतात. केवळ एवढ्यासाठींहि आम्ही या कागदाचे ऋणी राहूं.

मात्र कागदाविषयींची वस्तादांची तक्रार अगदींच निराधार नाहीं, हें आम्हांस नंतर कळलें. आमचा विद्यार्थी अखेर एका महाविद्यालयांत दाखल झाला. वडिलांची समजूत आम्हीं काढली. शाळेंतील जागांविषयीं त्यांचा प्रश्न खराच होता, आणि शारीरिक शिक्षणाची जागा वर्षानुवर्षें रिकामी ठेवणाऱ्या शाळा आम्हांसहि ठाऊक असल्यामुळें त्यांस खोटी आशा दाखविली नाहीं. वर्षभरानें मुलगा आपली टिपणवही घेऊन भेटावयास आला. अक्षर चांगलें, आकृत्या सुबक. गुडघ्याच्या सांध्याची आकृति होती, तींत अस्थिबंध, कूर्चा, वाटी, सर्व नांवें लिहिलेलीं. त्याच वहींत दुसऱ्या विषयाखालीं देशी व्यायामप्रकार, त्यांत बैठकांचे प्रकार व संख्या. आम्हीं सहज विचारलें, "बैठकेनें गुडघा बळावतो कीं झिजतो?" मुलगा घुटमळला. "सर, तो प्रश्न दोन्ही पेपरांत नाहीं."

हें उत्तर आम्हांस बोंचलें. कारण हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. जगांत त्याच्यावर भांडण झालेलें आहे. १९६१ सालीं टेक्सास विद्यापीठांतील कार्ल क्लाइन यानें असें मत प्रसिद्ध केलें कीं पूर्ण खोल बैठकेनें गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात. त्या मतामुळें अमेरिकेंत खोल बैठका अनेक ठिकाणीं बंद झाल्या. पुढील संशोधकांनीं तेंच तपासलें तेव्हां निरोगी गुडघ्याविषयीं ही भीति सिद्ध होईना. आणि आज योग्य रीतीनें शिकविलेली खोल बैठक सर्वसाधारणपणें निषिद्ध मानली जात नाहीं. हा वाद तिकडे चालला असतां आमच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या पांचपांचशें बैठका काढणारीं माणसें म्हातारीं होत होतीं. त्यांचे गुडघे हीच एक मोठी साक्ष होती. कोणाचे टिकले, कोणाचे गेले, जे गेले ते बैठकांनीं कीं कुस्तींतील दुखापतींनीं, हें विचारावयास अंतर फार नव्हतें. महाविद्यालयापासून तालमीपर्यंत चालत जावें एवढेंच. पण पदवींत दोन विद्या एकत्र आणतांना आपण त्या एका वहींत आणल्या, एका प्रश्नांत आणल्या नाहींत. तेल आणि पाणी एका भांड्यांत ओतलें म्हणजे तें मिसळलें असें समजण्याची चूक येथें झाली आहे, आणि ती विद्यार्थ्याची नव्हे.

खाशाबा जाधव यांचें उदाहरण येथें सहज आठवतें. १९४८ सालीं लंडनास ते सहावे आले. कुस्ती त्यांस येत होती. मातीऐवजीं गादी आणि निराळे नियम हें नवें होतें. तेथें रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन कुस्तीगिरानें त्यांस तयार केलें. १९५२ च्या हेलसिंकीसाठीं पैसा हवा होता, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. प्राध्यापक मंडळींनीं व्यायामासाठीं काय करावें याविषयींचा आमचा सर्व उपदेश या एका गोष्टीपुढें फिका पडतो, म्हणून तो येथें करीत नाहीं.

टिपणवही पाहिली त्याच आठवड्यांत आम्ही मुलाबरोबर त्याच्या तालमींत गेलों. वस्ताद सत्तरीच्या घरांतले. एक गुडघा धरलेला, दुसरा उत्तम. आमच्यासाठीं त्यांनीं खुर्ची मागविली आणि स्वतः कट्ट्यावर बसले. मुलानें भीत भीत विचारलें, "वस्ताद, नाडी बघू का?" त्यांनीं मनगट पुढें केलें. मुलगा घड्याळाकडे पाहत मोजीत राहिला. मग वस्तादांनीं त्या वयांत वीस जोर काढले, आणि त्यानें पुन्हां मोजली, एक मिनिट थांबून तिसऱ्यांदां मोजली, आणि तिन्ही आंकडे वहींत लिहिले. तालमींतील पोरें भोंवतीं जमलीं.

"चांगलं हाय का वाईट?" वस्तादांनीं विचारलें.

मुलानें वहीकडे पाहिलें. "एकट्याच्या आंकड्यावरून सांगतां येत नाहीं, वस्ताद. अजून पुष्कळांची मोजावी लागेल."

"मग मोज की," वस्ताद म्हणाले, आणि पोरांकडे वळून त्यांनीं सर्वांस रांगेनें बसावयास सांगितलें.